निरोगी श्वासाचे मोजमाप

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यापुढे उभे राहतो ते हिशेब घेऊन. किती खाटा, किती शस्त्रक्रिया, किती रुग्णांना सवलत, वर्षाअखेरीस शिल्लक किती. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांवर लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीसह छापलेले आहेत, म्हणून त्यांची पुनरुक्ती करीत नाही. यंदा एकाच विषयावर बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली, याबद्दल त्यांचे आभारी आहोत.

निमित्त एका पत्राचे आहे. बालरुग्ण विभागासाठी लहान मुलांची श्वसनक्षमता मोजणारे नवे यंत्र घ्यावे, आणि त्यावर सर्वप्रथम परिसरातील बालवाड्यांमधल्या निरोगी मुलांची मोजमापे घ्यावीत, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे विचाराधीन आहे. ते वाचून आमच्या एका जुन्या, निष्ठावंत देणगीदारांनी लिहिले की, बाह्यरुग्ण विभागात आजारी मुलांची रांग दारापर्यंत आलेली असताना धर्मादाय पैसा निरोगी मुलांवर का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. प्रस्तावाचा कागद प्रथम हाती आला तेव्हा आमच्याही मनात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही. ते एका चार वर्षांच्या मुलामुळे मिळाले, आणि त्या प्रसंगात चूक आमच्या रुग्णालयाची होती. म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचे वडील मालवाहू टेम्पो चालवीत. पावसाळा सुरू झाला की मुलाच्या छातीत घरघर होई, रात्री खोकल्याने घर जागे राही. आमच्या डॉक्टरांनी त्याला रोज घ्यावयाचा पंप सुरू केला होता आणि त्याने त्याला बरे वाटत होते. परंतु पंपाची सवय लागते, ही भीती आपल्या समाजात किती खोल रुजलेली आहे, हे येथे बसलेल्या अनेक माता-पित्यांना ठाऊक आहे. नातेवाईक टोकत, शेजारी टोकत. त्यातच एके दिवशी मुलाची श्वसनक्षमतेची चाचणी झाली. त्याने जमेल तसे नळीत फुंकले. कागदावर त्याचा आकडा उमटला, शेजारी 'अपेक्षित' आकडा उमटला, आणि खाली यंत्राने आपला शेरा छापला : 'सामान्य'. डॉक्टर त्या दिवशी तातडीच्या रुग्णाकडे गेले होते. वडील कागद घेऊन घरी गेले. यंत्रानेच 'सामान्य' म्हटले आहे, तर औषध कशाला, असे सर्वांनी ठरविले आणि पंप कपाटात गेला.

सुमारे दोन महिन्यांनी एका रात्री त्या मुलाला अपघात विभागात उचलून आणले. प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठांवर निळसर छटा आली होती. प्राणवायू, वाफ, शिरेतून औषधे असे करीत पहाटेपर्यंत तो सावरला. परमेश्वराची कृपा आणि त्या रात्रीच्या डॉक्टर-परिचारिकांचे कष्ट, म्हणून आज ही हकीकत आम्ही एवढ्या शांतपणे सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी बालरोग विभागाच्या प्रमुखांनी तो जुना कागद मागवून घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला : 'हा अपेक्षित आकडा कुणाचा?' तंत्रज्ञांना उत्तर देता आले नाही, आम्हालाही नाही. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत शोध घेतला तेव्हा कळले की, यंत्रात भरलेले सूत्र अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेले होते आणि ते ८ ते ८० वर्षे वयाच्या व्यक्तींच्या मोजमापांवरून तयार झालेले होते. यंत्राने तेच सूत्र निमूटपणे चार वर्षांच्या मुलाला लावले. त्यातून अपेक्षित आकडा इतका लहान निघाला की, त्या मुलाचा अपुरा श्वासही त्यापुढे पुरेसा ठरला. यंत्राने श्वास बरोबर मोजला होता. तो ज्या मापाशी ताडून पाहिला, ते माप त्या मुलाचे नव्हते.

दमा आहे किंवा नाही हे एका फुंकरीवर ठरत नसते, आणि डॉक्टरांना विचारल्याविना औषध थांबवू नये, हे खरेच. पण म्हणून आमची जबाबदारी कमी होत नाही. यंत्र बसविले तेव्हा त्यातील सूत्र कोणत्या वयासाठी आहे, हे कोणी पाहिले नाही, आणि खरेदीच्या कागदपत्रांवर सही आमची होती. आम्ही त्या कुटुंबाची क्षमा मागितली. मुलाचे वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, 'साहेब, आकडा तुम्हीच दिला होता. मग आमच्या पोराचा बरोबर आकडा कोणता, ते तरी सांगा.'

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रस्तुत प्रस्तावाचा उगम त्या प्रश्नात आहे.

श्वास मोजण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी फुफ्फुसांत किती हवा मावते हे मोजणाऱ्या आपल्या यंत्राची, म्हणजे स्पायरोमीटरची, सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. पाण्यात पालथी घातलेली एक घागर, तिच्यात नळीने श्वास सोडावयाचा, घागर जितकी वर उचलली जाईल तितकी हवा. यंत्र एवढे साधे होते. पण हचिन्सन रुग्णांच्या खाटांपाशी थांबले नाहीत. त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजले आणि त्यांत खलाशी, पोलीस, सैनिक, मल्ल असे धडधाकट लोक मोठ्या संख्येने होते. त्यातूनच त्यांना दिसले की, माणसाची उंची जशी वाढते तशी श्वासाची मात्रा ठरावीक प्रमाणात वाढते. हे प्रमाण हाती आल्यावर मगच क्षयरोग्याच्या श्वासात किती घट आहे, हे त्यांना सांगता येऊ लागले. हे गृहस्थ एका आयुर्विमा कंपनीचेही वैद्यकीय सल्लागार होते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट फार जवळची वाटते. सर्वसाधारण माणूस किती जगतो हे ठाऊक नसेल, तर विमा कंपनी धोका कशावरून ठरविणार?

हचिन्सनांच्या नंतर प्रौढांचे श्वास जगभर मोजले गेले. तीन ते सहा वर्षांची मुले मात्र दीर्घकाळ या मोजमापाच्या बाहेर राहिली. याचे कारण सोपे आहे. प्रौढ व्यक्तीला सांगता येते की, छाती भरून श्वास घ्या, सर्व जोर लावून सोडा, आणि सहा सेकंद सोडतच राहा. तान्ह्या बाळाला औषधाने निजवून मोजमाप घेता येते. सहा-सात वर्षांचे मूल सूचना समजून घेते. त्यामधल्या वयाचे मूल निजत नाही आणि ऐकतही नाही. त्याला नळी चावावीशी वाटते, यंत्राचा दिवा का लुकलुकतो हे विचारावेसे वाटते, आणि नाकाला लावलेला चिमटा काढून तो बाहुलीच्या नाकाला लावावासा वाटतो.

आणि हीच वर्षे महत्त्वाची आहेत. फुफ्फुसांतील श्वासनळ्यांच्या मुख्य शाखा-उपशाखा गर्भावस्थेतच तयार होतात. प्राणवायू रक्तात उतरविणारे वायुकोश मात्र बहुतांशी जन्मानंतर, विशेषतः पहिल्या काही वर्षांत वाढतात. या वयात नळ्या अतिशय अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून जी सूज मोठ्या माणसाच्या लक्षातही येत नाही, तिने लहान मूल धापा टाकू लागते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरी १९८० साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात १,२४६ नवजात बालकांची नोंद करून ती वाढताना त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी काही बाळांची श्वसनक्षमता छातीचा कोणताही आजार होण्यापूर्वीच मोजून ठेवली होती. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की, सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांना कधी ना कधी घरघर झाली होती. ज्यांची घरघर तीन वर्षांच्या आत झाली आणि पुढे थांबली, त्यांची श्वसनक्षमता जन्मानंतर लगेचच, आजारापूर्वीच, कमी होती. ज्यांची घरघर सहाव्या वर्षीही टिकली, त्यांची सुरुवात इतकी वाईट नव्हती, पण सहाव्या वर्षापर्यंत त्यांची क्षमता घटलेली होती. दोघांच्या छातीतला आवाज सारखा, पण त्यांच्या वाटा निराळ्या. हा भेद कळला, कारण कोणीतरी निरोगी बाळाचा श्वास मोजून ठेवला होता. आजार झाल्यावर मोजायला बसले असते, तर पूर्वी काय होते हे विचारायला कोणीच उरले नसते.

२००७ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांच्या श्वसनचाचण्यांविषयी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य धडा असा की, मुलाने मोठ्यांसारखे वागावे अशी अपेक्षा सोडावी आणि चाचणीने मुलासारखे व्हावे. प्रौढांमध्ये पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा आकडा महत्त्वाचा मानतात. चार वर्षांच्या मुलाची छाती पुष्कळदा एका सेकंदाच्या आतच रिकामी होते. म्हणून त्याच्यासाठी अर्ध्या किंवा पाऊण सेकंदातली हवा मोजावी, असे तेथे सुचविले आहे.

ज्यात जोराने फुंकावेच लागत नाही, अशाही पद्धती आहेत. एका पद्धतीत मूल नेहमीसारखा श्वास घेत असताना नळीतील पडदा सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा बंद होऊन उघडतो, आणि तेवढ्यात नळ्यांतील विरोध कळतो. दुसरी पद्धत ऑसिलोमेट्रीची, आणि प्रस्तावित यंत्र याच प्रकारचे आहे. मूल खुर्चीत ताठ बसते, नाकाला चिमटा असतो, आई किंवा तंत्रज्ञ त्याचे दोन्ही गाल तळहातांनी हलकेच धरून ठेवतात, आणि मूल आपला नेहमीचा श्वास घेत राहते. यंत्र त्या श्वासावर हवेच्या सूक्ष्म लहरी सोडते आणि त्या कशा परत येतात यावरून श्वासमार्गातला अडथळा मोजते. सुई नाही, औषध नाही, वेदना नाही. एकेक मोजमाप अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपते आणि ते तीनदा घेतात.

यंत्र घेण्यापूर्वी ते आपल्या मुलांना जमते का, हे पाहणे आम्हाला आवश्यक वाटले. पुरवठादाराकडून यंत्रे काही दिवसांसाठी मागवून, पालकांना विचारून, रुग्णालयाच्या जवळच्या एका बालवाडीत आम्ही एक सकाळ घालविली. त्या सकाळचा अनुभव सांगण्यासारखा आहे. फुंकण्याच्या यंत्राला जोडलेल्या पडद्यावर मेणबत्त्यांचे चित्र येते आणि मुलाने फुंकले की त्या एकेक विझतात. पहिल्या मुलाने फुंकर घातली, मेणबत्त्या विझल्या, सर्वांनी टाळ्या वाजविल्या. तेवढ्यात नातवाला घेऊन आलेल्या एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, पोरांना दिवा फुंकून विझवायला काय शिकवता? औक्षणाचा दिवा आम्ही कधी फुंकू देत नाही.' क्षणभर शांतता झाली. मग आमच्या तंत्रज्ञ ताईंनी चित्र बदलून फुग्यांचे लावले. आजींचे समाधान झाले, आणि फुगा मोठा करण्यासाठी मुलांनी पूर्वीपेक्षा अधिक जोर लावला. परदेशातून आलेले यंत्र आपल्या अंगणात रुळवायचे, तर अशा आजींचेही ऐकावे लागते.

एका मुलाने तोंडच उघडले नाही. त्याला कोणी आग्रह केला नाही. इतरांना दिला तोच फुगा त्यालाही दिला आणि तो आपल्या जागी जाऊन बसला. आपल्या देशात वैद्यकीय संशोधनाचे नैतिक नियम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली नव्याने घालून दिले आहेत. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती त्यात अनिवार्य आहे. प्रस्तावित काम नैतिक समितीच्या मंजुरीविना सुरू होणार नाही. आम्ही त्यात आमच्यापुरती एक भर घालू इच्छितो : मुलाने मान हलवून नाही म्हटले, तर ते नाहीच समजावे. निरोगी मुलाला या मोजमापातून स्वतःचा तात्काळ लाभ काही नाही. म्हणून त्याच्यावर सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता मापदंडाकडे वळतो, कारण खर्चाचे खरे कारण तेथे आहे. २०१२ साली ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय गटाने ७४,१८७ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींच्या मोजमापांवरून ३ ते ९५ वर्षे या सलग वयासाठी स्पायरोमेट्रीची समीकरणे दिली. तीन वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत एकच अखंड रेषा प्रथमच मिळाली. आमच्या यंत्रात आता तीच पद्धत बसविली आहे. परंतु त्या हजारो व्यक्तींचे जे चार गट केले होते, ते युरोपीय वंशाचे लोक, आफ्रिकी अमेरिकन, ईशान्य आशियातील आणि आग्नेय आशियातील लोक असे होते. भारतीय उपखंडातील अधिक मोजमापे हवीत, असे त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहून ठेवले. २०२३ साली वंशभेद न करणारे एकच जागतिक समीकरण पुढे आले आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने त्याचा पुरस्कार केला. वंशाच्या रकान्यातून माणसाचे फुफ्फुस ठरवू नये, हे तत्त्व आम्हाला पटते. तरीही ते समीकरण त्याच जुन्या माहितीतून काढलेले आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांतील मुलांचा श्वास त्यात अजूनही आलेला नाही. ऑसिलोमेट्रीत तर यंत्रायंत्रांतही फरक पडतो, त्यामुळे दुसरीकडचा आकडा डोळे मिटून वापरता येत नाही.

मग परिसरातील शे-दोनशे मुले मोजून त्यांची सरासरी काढली की झाले काय? येथे आम्हाला आमच्या बालरोगतज्ज्ञांनी थांबविले, आणि आमच्या हिशेबी मनाला हा सर्वांत मोठा धडा मिळाला. आपण सर्वांनी अंगणवाडीत वजनाचा तक्ता पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीची जी मानके दिली, त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुले मोजली होती. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. ती निवडताना पाहिले ते असे की, त्यांना आईचे दूध मिळते, आई धूम्रपान करीत नाही आणि वाढीला आर्थिक-सामाजिक अडचण नाही. मुले कशी वाढत आहेत, एवढेच त्यांना नोंदवायचे नव्हते. मुले कशी वाढावयास हवीत, हे त्यांना शोधावयाचे होते. त्यातून असेही दिसले की, अनुकूल परिस्थिती मिळाली तर या सहाही देशांतील लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात.

श्वासाच्या बाबतीत हा विवेक विसरलो, तर मोठा अनर्थ होईल. समजा, आम्ही चुलीच्या धुरात वाढणारी, जन्मतः वजन कमी असलेली, वारंवार छातीचा संसर्ग झालेली मुले मोजली आणि त्यांची सरासरी 'अपेक्षित' म्हणून छापली. तर उद्या धुराने खालावलेला श्वास कागदावर 'सामान्य' ठरेल. त्या रात्री टेम्पोचालकाच्या मुलाच्या बाबतीत जी चूक एका यंत्राने केली, तीच चूक आम्ही साऱ्या तालुक्याच्या नावावर करून ठेवू. दारिद्र्याची सरासरी काढून तिला आरोग्य म्हणता येत नाही.

म्हणून मोजमापापेक्षा निवडीचे काम अधिक कष्टाचे आहे. मूल पूर्ण दिवसांचे जन्मले होते का, जन्माचे वजन किती, कधी घरघर झाली का, कधी वाफ द्यावी लागली का, गेल्या काही आठवड्यांत सर्दी-खोकला होता का, घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, स्वयंपाक कशावर होतो, हे सारे विचारावे लागते. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'गॅसवर' असे येते. पण आमच्या आरोग्यसेविका पुढचा प्रश्न विचारतात : 'अंघोळीचे पाणी कशावर तापते?' तेव्हा कळते की, सिलिंडर जपून वापरला जातो आणि चूल किंवा बंब पहाटे पेटतोच, आणि मूल थंडीत त्याच्याच शेजारी शेकत बसते.

उंचीचेही तसेच. मुलाच्या उंचीत झालेली सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक अपेक्षित आकडा हलविते. पायातले बूट काढून, टाचा भिंतीला लावून, नजर सरळ ठेवून मोजावे लागते. आणि वय? वय पूर्ण वर्षांत लिहून चालत नाही, कारण चार वर्षांचे आणि चार वर्षे दहा महिन्यांचे मूल यांत पुष्कळ अंतर असते. आमच्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली तीच तारीख जन्मभर पुरली. आज जन्मदाखला घरोघरी असतो. तो पाहूनच तारीख लिहावी, असे आम्ही ठरविले आहे. रुपयांच्या हिशेबात पैसे सोडून दिले तर लेखापरीक्षक शेरा मारतात. येथे महिने सोडून दिले तर मुलाच्या निदानात फरक पडतो.

किती मुले मोजावी लागतील, हाही प्रश्न विश्वस्तांनी विचारला होता. तयार मापदंड आपल्या लोकसमूहाला लागू पडतो की नाही, एवढे पडताळण्यासाठीसुद्धा निदान १५० मुलगे व १५० मुली मोजाव्यात, असा सल्ला या क्षेत्रातील तज्ज्ञांनी २०११ साली दिलेला आहे. त्याहून कमी संख्येत केवळ योगायोगानेही फरक दिसू शकतो. म्हणून आमचा प्रस्ताव तेवढ्याच मुलांचा आहे. त्यातून नवे शास्त्र निर्माण होईल असा आमचा दावा नाही. आमच्या यंत्रावर, आमच्या तंत्रज्ञांच्या हातून, आमच्या भागातील निरोगी मुलाचा आकडा कोणत्या मर्यादेत येतो, हे आम्हाला ठामपणे कळेल. आणि ही मोजमापे अधिक मोठ्या अभ्यासांना उपयोगी पडली, तर ती विनामूल्य दिली जातील, मुलांची नावे मात्र येथेच राहतील.

आणखी एक गोष्ट. निरोगी आकड्याची मर्यादा रुंद असते. एखादे मूल त्या मर्यादेच्या वरच्या कडेला असेल आणि आजाराने खालच्या कडेला आले, तरी कागद 'सामान्य' असेच म्हणेल. म्हणून मुलाचा स्वतःचा, बरे असतानाचा आकडा हा त्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. ज्या मुलांना वारंवार घरघर होते, त्यांना पालकांनी ते ठणठणीत असतानाही एकदा घेऊन यावे, अशी आमची विनंती आहे. आजारी असतानाच रुग्णालयाची पायरी चढावी, हा संकेत या एका बाबतीत मोडावा.

आता त्या पत्राचे उत्तर. आदरणीय महोदय, आजारी मुलांच्या वाट्याचा पैसा आम्ही निरोगी मुलांना देऊ इच्छित नाही. आजारी मुलाला तो आजारी आहे हे खात्रीने सांगण्यासाठी, आणि आजारी नसलेल्या मुलाला औषधांपासून वाचविण्यासाठी, जे माप हवे आहे ते निरोगी मुलांकडेच आहे. इतर कोणाकडून ते विकत मिळत नाही. आपण रक्तदान जाणता. दाता निरोगी असतो, घेणारा अनोळखी असतो. हेही त्याच जातीचे दान आहे, फक्त दाता तीन फूट उंचीचा आहे आणि त्याला बदल्यात फुगा हवा असतो.

मध्यंतरी आम्ही जे करू शकत होतो ते केलेले आहे. रुग्णालयातील प्रत्येक मोजमापयंत्रात कोणता मापदंड भरला आहे आणि तो कोणत्या वयासाठी आहे, याची यादी तयार करून ती दरवर्षी तपासली जाते. श्वसनचाचणीच्या प्रत्येक अहवालावर त्या मापदंडाचे नाव छापले जाते. यंत्राचा आपोआप उमटणारा शेरा बंद केला आहे, आणि डॉक्टरांनी पाहून सही केल्याविना तो कागद कुटुंबाच्या हाती जात नाही. या तिन्ही गोष्टींना खर्च जवळजवळ आला नाही. त्या आधी का झाल्या नाहीत, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो.

विश्वस्त मंडळाने प्रस्तावाचा सहानुभूतीने विचार करावा, देणगीदारांनी नेहमीचा विश्वास ठेवावा, आणि परिसरातील माता-पित्यांनी आपली हसती-खेळती मुले एका सकाळपुरती आमच्या स्वाधीन करावीत, अशी नम्र विनंती करतो.

शेवटी एक निवेदन. ज्या मुलाची हकीकत प्रारंभी सांगितली, तो आता शाळेत जातो. पंप नियमित घेतो आणि पावसाळ्यातही खेळतो. बालवाडीतल्या त्या सकाळी रांगेत सर्वांत पुढे एक गृहस्थ आपल्या धाकट्या मुलीचा हात धरून उभे होते. आम्ही त्यांना ओळखले. मुलीला कधी खोकलाही झालेला नव्हता. आम्ही विचारले, 'हिला का आणले?' ते म्हणाले, 'साहेब, त्या वेळी पोराचा आकडा तुमच्याकडे नव्हता. हिचा लिहून ठेवा. कुणाच्या तरी कामी येईल.'

मुलीने तीनदा व्यवस्थित श्वास दिला, फुगा घेतला आणि ती निघून गेली. तिचा आकडा आमच्या नोंदवहीत पहिल्या ओळीवर आहे.